एकट्याने छोट्या वेबसाइट बनवणारा माणूस रिअ‍ॅक्ट न शिकता टिकेल का?

तुम्ही लिहिलंय की तुम्ही एकटे काम करता, छोट्या व्यावसायिकांच्या साइट बनवता, पीएचपी (सर्व्हरवर चालणारी भाषा) आणि जेक्वेरी (ब्राउझरमधल्या जावास्क्रिप्टची लायब्ररी) हाताखालचं आहे, आणि जो भेटतो तो सांगतो की रिअ‍ॅक्ट नाही शिकलात तर संपलात. हे खरं का, आणि शिकायचंच तर रिअ‍ॅक्ट, व्हू की स्वेल्ट, म्हणजे वेब पानं बांधायच्या तयार साच्यांपैकी (फ्रेमवर्कपैकी) कोणता, असा प्रश्न आहे.

टिकाल. उत्तर इथेच संपवता आलं असतं. पण तो ‘संपलात’ शब्द वाचला आणि राहवेना. २०१७ मध्ये माझ्या तेव्हाच्या भागीदाराने समोर बसून मला नेमका हाच शब्द ऐकवला होता. त्यामुळे पुढचं थोडं तुमच्यासाठी आहे आणि बरंचसं त्याच्यासाठी.

२०२३ मध्ये एका शुक्रवारी दुपारी एका फिजिओथेरपिस्ट बाईंचा फोन आला. त्यांची अपॉइंटमेंट घ्यायची साइट आम्ही दोघांनी बनवलेली. त्यावर शेवटचा हात २०१८ च्या शेवटी फिरलेला, त्यानंतर बिनबोभाट चालू होती. म्हणाल्या, “आपली पहिली वेळ नऊची आहे ना, त्याच्या आधी साडेआठची एक हवी आहे. सोमवारपासून. जमेल ना?” मी म्हटलं, “मॅडम, पाच मिनिटांचं काम.”

हे वाक्य मी हल्ली कुणालाच, कशाहीबद्दल म्हणत नाही.

कोड उतरवून घेतला. वेळांची यादी एका फाइलमध्ये स्वच्छ मांडलेली होती. भागीदाराचं काम नीटनेटकं असायचं, ते नाकारण्यात अर्थ नाही. नऊच्या वर साडेआठची एक ओळ टाकली. मिनिटही लागलं नाही. मग एनपीएम इन्स्टॉल मारलं, म्हणजे साइटला लागणारी पॅकेजं (इतरांनी लिहिलेले कोडचे तयार तुकडे) उतरवायची आज्ञा दिली, आणि अख्खं टर्मिनल एररने लाल झालं.

पहिला अडला तो नोड-सॅस, पानांच्या सजावटीचा कोड तयार करणारं पॅकेज. याच्या पोटात सी प्लस प्लस आहे, म्हणून नोडच्या (ब्राउझरबाहेर जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या प्रोग्रामच्या) प्रत्येक व्हर्जनला त्याची वेगळी बायनरी, म्हणजे थेट चालणारी फाइल, लागते. तयार मिळाली नाही की ते तुमच्याच मशीनवर कंपाइल करायला बसतं, आणि ते जुनं व्हर्जन त्यासाठी पायथन २ मागतं. पायथन २ चा सपोर्ट १ जानेवारी २०२० ला बंद झाला. म्हणजे दवाखाना अर्धा तास आधी उघडावा म्हणून मी एका मेलेल्या पायथनच्या मागे धावत होतो. म्हटलं, नोडच जुनं घेऊ, दहा. तर माझ्या लॅपटॉपच्या नव्या चिपसाठी नोड १० चं तयार बिल्डच नाही. शेवटी नोड-सॅस काढून त्याजागी नवं सॅस बसवलं. इथपर्यंत संध्याकाळ.

मग वेबपॅक ४ ची पाळी. सगळ्या फाइली एकत्र बांधून साइट तयार करणारं, म्हणजे बिल्ड करणारं, हे टूल. एरर आली ‘डिजिटल एन्व्हलप रूटीन्स अनसपोर्टेड’. ज्यांनी ती पाहिली आहे त्यांच्या पोटात आत्ता कळ आली असेल. वेबपॅक ४ फाइलींचे हॅश, म्हणजे मजकुरावरून निघणारे ठसे, काढायला एमडी४ ही जुनी पद्धत वापरायचं. नोड १७ पासून आत ओपनएसएसएल ३ (एन्क्रिप्शनची लायब्ररी) आलं, आणि त्याने एमडी४ अडगळीत टाकलं. जुनं तेवढं चालू द्या असं सांगणारा एक फ्लॅग आहे, तो लावला. बिल्ड झालं! रात्री अकरा वाजता खुर्चीतून उठून एकटाच टाळी वाजवली. ब्राउझरमध्ये पान उघडलं. पांढरं शुभ्र. ब्राउझर चुका दाखवतो त्या कन्सोलमध्ये एकच ओळ, अनडिफाइंडचं काहीतरी.

शनिवार त्या पांढऱ्या पानात गेला. पॅकेज डॉट जेसनमध्ये, म्हणजे लागणाऱ्या पॅकेजांच्या यादीत, व्हर्जनच्या आधी जी टोपी (^) असते, तिचा अर्थ ‘हे किंवा याच्यापुढचं, मोठा आकडा बदलेपर्यंत’. एनपीएम ५ आल्यापासून, म्हणजे मे २०१७ पासून, नेमकी कोणती व्हर्जनं बसली ते लॉक फाइलमध्ये आपोआप लिहिलं जातं. आमच्याकडे ती फाइल गिटइग्नोरमध्ये, म्हणजे कोडचा इतिहास जपणाऱ्या गिटने वगळायच्या फाइलींच्या यादीत. का? तर प्रत्येक कमिटमध्ये (गिटमध्ये जपलेल्या बदलात) हजार ओळींचा फरक दिसतो, घाण वाटते. त्यामुळे २०१८ ला जो ढीग बसला होता तो आता जगात कुठेच नव्हता, आणि २०२३ ला बसलेल्या ढिगातल्या कुठल्याशा पॅकेजने मधल्या काळात काहीतरी हलवलं होतं. पॅकेजं किती? नऊशेच्या वर. दवाखान्यात फिजिओथेरपिस्ट किती? एक.

रविवारी सकाळी मी जे केलं ते कुठल्याही कोर्समध्ये शिकवत नाहीत. सर्व्हरवर गेलो आणि पाच वर्षांपूर्वी बिल्ड होऊन पडलेली जावास्क्रिप्टची फाइल थेट उघडली. मिनिफाय केलेली, म्हणजे सगळी साइट एका ओळीत. एडिटर आधी गुदमरला. मग त्या एका ओळीत आडवा सरकत निघालो, तर आधी महिन्यांची नावं लागली, जगातल्या यच्चयावत भाषांतली. मोमेंट नावाची तारखांची लायब्ररी वेबपॅकमधून आणली की नेमकं सांगितल्याशिवाय सगळ्या भाषा बरोबर घेऊन येते. पाच वर्षं त्या बाईंचे पेशंट पाठदुखीची वेळ ठरवायला हा सगळा भाषासंग्रह फोनवर उतरवून घेत होते. त्याच्या पलीकडे एकदाची ती यादी सापडली. नऊच्या आधी साडेआठ आणि एक स्वल्पविराम टाकला. सेव्ह. ब्राउझरला जुनीच फाइल दिसत राहिली, कारण हॅशवालं नाव बदललं नव्हतं आणि कॅशची (ब्राउझरने साठवलेल्या प्रतीची) मुदत वर्षाची. फाइलचं नाव बदललं, इंडेक्स पानात नवं लिहिलं. तीच यादी नोडच्या सर्व्हरमध्ये दुसऱ्यांदा लिहिलेली होती, तिथेही टाकली. सगळं मिळून दहा मिनिटं.

सोमवारी बाईंचा मेसेज आला, “थँक्यू, बघा किती लगेच झालं.”

आता मूळ भांडण. या साइटचा पहिला अवतार मी लिहिलेला होता. पीएचपीच्या चार फाइली, मायएसक्यूएल डेटाबेसची एक टेबल, जेक्वेरीचं कॅलेंडर. बिल्ड नाही, काही नाही. फाइल बदलली, चढवली, झालं. भागीदाराला त्याची लाज वाटायची. “उद्या यांच्या पन्नास शाखा निघाल्या तर?” हा त्याचा लाडका प्रश्न. बाईंकडे दिवसाला पंधरा-वीस पेशंट. मी म्हणायचो, पन्नास शाखा निघाल्या की पन्नास शाखांचे पैसे येतील, तेव्हा बघू. तो म्हणायचा, असा विचार करणारे संपतात. मी दोन महिने वाद घातला आणि मग थकून हो म्हटलं, कारण मनातून मलाही भीती होतीच की हा बरोबर असला तर?

तीच भीती तुमच्या प्रश्नात दिसते, म्हणून स्पष्ट सांगतो. ही भीती विकली जाते. रिअ‍ॅक्ट फेसबुकने २०१३ मध्ये खुलं केलं, कुबरनेटीस (खूप सर्व्हरांवर प्रोग्राम सांभाळायचं टूल) गुगलने २०१४ मध्ये. दोन्ही उत्तम, पण त्यांनी आधी स्वतःचे प्रश्न सोडवले, आणि त्यांचा प्रश्न हा होता की शेकडो माणसं एकाच कोडमध्ये हात घालतात. तुमचा प्रश्न बरोबर उलटा आहे. तुमच्या कोडमध्ये वर्षानुवर्षं कुणीच हात घालत नाही, आणि मग एका शुक्रवारी तुम्हालाच घालावा लागतो. मोठ्या कंपनीत टूल बदललं की कोड नव्यावर न्यायला वेगळी माणसं बसवता येतात. तुमच्याकडे ती माणसं म्हणजे तुमचा रविवार.

आणि टूल बदलतातच. अँग्युलरजेएस हे असंच एक फ्रेमवर्क २०१० मध्ये आलं, २०१६ मध्ये जवळपास त्याच नावाने दुसरंच काहीतरी आलं, जुन्याचा सपोर्ट २०२१ अखेर बंद. व्हू २ चा २०२३ अखेर. रिअ‍ॅक्टचं म्हणाल तर ज्या क्रिएट रिअ‍ॅक्ट अ‍ॅपने सगळ्या जगाने सुरुवात केली, ते फेब्रुवारी २०२५ मध्ये रिअ‍ॅक्टवाल्यांनीच मोडीत काढलं. यात कुणी कुणाला फसवलेलं नाही, फुकट दिलेली वस्तू आहे. पण शिकवणाऱ्यांनी तरी सांगावं की बाबांनो, ही भाड्याची जागा आहे. उलट १९९१ चं पहिलं वेब पान आजच्या ब्राउझरमध्ये काही न करता उघडतं. एसक्यूलाइट या छोट्या डेटाबेसवाल्यांनी तो २०५० पर्यंत सांभाळायचं जाहीर केलंय. मला असली माणसं आवडतात. त्यांच्यावर कुणी तासाभराचे व्हिडिओ काढत नाही.

पॅकेजांचंही तेच. मार्च २०१६ मध्ये लेफ्ट-पॅड नावाचं अकरा ओळींचं पॅकेज त्याच्या लेखकाने एनपीएमवरून काढून घेतलं आणि जगभरचे बिल्ड धडाधड पडले. काम काय होतं त्याचं? अक्षरांच्या डावीकडे मोकळी जागा भरणं. त्यातून आपण काय शिकलो म्हणाल तर एनपीएमने पॅकेज काढून घेण्याचे नियम कडक केले, आणि आपण इन्स्टॉल मारत राहिलो.

हल्ली एआयकडून कोड लिहून घेणं आलंय. मीही घेतो. एका दुपारी अख्खी साइट उभी राहते, मान्य. पण मी कधीच न वाचलेल्या साइटमध्ये पाच वर्षांनी साडेआठची वेळ टाकायची तर ते पांढरं पान किती पांढरं असेल, या विचाराने मी अजून तरी त्याच्याकडून छोटे छोटे तुकडेच घेतो.

तर तुमच्या प्रश्नाचं म्हणाल तर, नोकरी हवी असेल तर रिअ‍ॅक्ट शिका, नोकऱ्यांच्या जाहिरातीत तेच लिहिलेलं असतं, व्हू की स्वेल्ट हा खल करू नका. नोकरी नको असेल तर आधी साधी जावास्क्रिप्ट नीट शिका. जेक्वेरी २००६ ची आहे, ती ज्यासाठी लागायची त्यातलं बहुतेक आता ब्राउझरलाच येतं. सीएसएस ग्रिड, म्हणजे पानाची मांडणी करायची सोय, २०१७ पासून सगळ्या मुख्य ब्राउझरांत आहे, ते येत नसेल तर रिअ‍ॅक्टआधी ते. स्वेल्ट मी दोन दिवस वापरलंय, छान वाटलं, त्यावर मत द्यायला दोन दिवस पुरेसे नाहीत.

ज्या साइटवर खरंच खूप हलतं-बदलतं, म्हणजे ओढून टाकायचे तक्ते, दहा जण एकाच वेळी भरतायत असा फॉर्म, तिथे मात्र जेक्वेरीने करायला जाऊ नका. मी एकदा गेलो होतो. पानावरचा आकडा एक, डेटाबेसमधला दुसरा, आणि चूक शोधायला आठवडा. तिथे रिअ‍ॅक्ट किंवा व्हू घ्या, लॉक फाइल गिटमध्ये ठेवा, नोडचं व्हर्जन रीडमीच्या (कोडसोबतच्या माहितीच्या फाइलच्या) पहिल्या ओळीत लिहा. वरचं सगळं वाचून मी फ्रेमवर्कच्या विरोधात आहे असं वाटलं असेल, तर तसं नाही. बिल्ड करून ठेवलेली ती फाइल पाच वर्षं एकदाही बंद पडली नव्हती, हेही खरंच आहे.

आणि एक गोष्ट मघाशी सांगायची राहिली, म्हणजे टाळलीच. भागीदार ते भांडण जिंकला ते पन्नास शाखांवर नाही. एका संध्याकाळी त्याने माझ्या पीएचपीच्या पानावर नावाच्या चौकटीत नुसता एक अपॉस्ट्रॉफी टाइप केला आणि एंटर मारलं. पान पडलं, आणि पडद्यावर माझी अख्खी क्वेरी, म्हणजे डेटाबेसला दिलेली आज्ञा, आली, टेबलच्या नावासकट. मी नाव थेट क्वेरीत चिकटवत होतो. म्हणजे कुणीही बाहेरचा माणूस त्या चौकटीतून पेशंटची यादी वाचू शकला असता. शिवाय मी वापरत होतो ती जुनी मायएसक्यूएल फंक्शनं पीएचपी ७ मधून, डिसेंबर २०१५ मध्येच, काढून टाकलेली होती. मी होस्टिंगवर पीएचपी ५.६ धरून बसलो होतो आणि त्याला स्थैर्य म्हणत होतो. तो दोन मिनिटं काहीच बोलला नाही, फक्त स्क्रीन माझ्याकडे वळवून ठेवली. तेव्हा मी हो म्हटलं. थकून वगैरे नाही.

उपाय दोन तासांचा होता, पीडीओ आणि प्रिपेअर्ड स्टेटमेंट, म्हणजे टाइप केलेलं नाव क्वेरीपासून वेगळं ठेवायची पीएचपीची सोय. त्यासाठी नऊशे पॅकेजं लागत नव्हती, हे मी आजही म्हणेन. पण तेव्हा ते म्हणायला तोंड नव्हतं.

त्या रविवारनंतर मी महिनाभर संध्याकाळी बसून बाईंची साइट पुन्हा पीएचपीत लिहिली, पैसे न घेता. आता पाच फाइली आहेत. लाल टर्मिनलचा फोटो काढून भागीदाराला पाठवला होता, चार वर्षांनी पहिला मेसेज. खाली काही लिहिलं नाही, फोटोच पुरेसा होता. त्याचं उत्तर दुसऱ्या दिवशी आलं, “आणि तुझा अपॉस्ट्रॉफी?”

सुटलाय. त्याला अजून कळवलेलं नाही.