प्रतिजन, प्रतिपिंड आणि 'संबंधित'

धंतोलीहून एका ताईंनी विचारलंय: कर्करोगावरच्या व्याख्यानाच्या पत्रिकेत 'रुग्णांच्या प्रतिपिंडांवरून कर्करोगसंबंधित प्रतिजनांचा शोध' असं छापायचं आहे. त्यांच्या बाबांनी 'प्रतिजन' हे 'प्रतिमाणशी'च्या चालीवर वाचलं. शब्द बदलावा का? आणि लांबलचक 'कर्करोगसंबंधित' काढून 'कर्करोगाचे प्रतिजन' चालेल का?

प्रतिदिन, प्रतिमाणशी वाचायची सवय असलेला माणूस दुसरं काय वाचणार! पण इथला 'जन' म्हणजे लोक नाहीत. तो 'जन्' धातूतला, उपजवणारा. ज्याच्यामुळे शरीरात प्रतिपिंडं (म्हणजे त्यालाच जाऊन चिकटणारी, शरीराने बनवलेली संरक्षक प्रथिनं) उपजतात, ते प्रतिजन. ऑक्सिजनमधला 'जन' ग्रीक, पण कूळ तेच. मराठी विश्वकोशातही हीच जोडी आहे, ती ठेवा. मेडिकलच्या ओपीडीत मात्र सगळे अँटिबॉडीच म्हणतात, म्हणून खाली एकदा 'अँटिजेन', 'अँटिबॉडी' लिहून टाका. बाबांची सोय होईल.

'संबंधित'ला मात्र हात लावू नका. १९९५ साली जर्मनीत उगुर शाहीन, ओझलेम त्युरेजी (पुढे बायोएनटेकची करोना लस आणणारं जोडपं) आणि सहकाऱ्यांनी जी पद्धत मांडली ती बघा. रुग्णाच्या कर्करोगाच्या गाठीतली जनुकं विषाणूंत घालून ते ई. कोलाय जिवाणूंच्या थरावर वाढवायचे, तिथे बनलेल्या प्रथिनांचा ठसा एका पातळ पडद्यावर उचलायचा आणि त्यावर त्याच रुग्णाचं पातळ केलेलं सीरम (रक्त गोठल्यावर उरणारा द्रव, ज्यात प्रतिपिंडं असतात) सोडायचं. प्रतिपिंड जिथे चिकटलं तिथे रंगाचा ठिपका उमटवता येतो. त्या जागेचं जनुक वाचलं की प्रतिजन हाती आलं. सीरम आधी ई. कोलायच्याच अर्कात मुरवून निवळून घेतात, कारण आतड्यातल्या या पाहुण्याविरुद्धची प्रतिपिंडं आपल्या रक्तात असतातच. तसंच वापरलं तर नको तिथे रंग चढायचा.

आता ठिपका सांगतो काय? रुग्णाच्या शरीराने हे प्रथिन हेरलं, एवढंच. ते कर्करोगाच्या मालकीचं आहे असं नाही. १९९७ साली अन्ननलिकेच्या कर्करोगात याच रीतीने सापडलेलं एनवाय-ईएसओ-१ हे प्रथिन निरोगी पुरुषाच्या वृषणातही असतं. पी-५३ हे प्रथिन तर निरोगी पेशींतही असतं. काही रुग्णांत मात्र त्याविरुद्ध प्रतिपिंडं आढळतात. 'कर्करोगाचे' म्हटलं की तो 'चे' भलताच हक्क सांगून बसतो.

ओळीत मावत नसेल तर 'कर्करोगाशी निगडित' करा, दोन शब्दांत तोडता येतं. आणि 'प्रतिपिंडांवरून' छान जमलंय. ठशावरून चोर शोधावा, तसा हा शोध आहे. 'द्वारे' घालून बिघडवू नका.