‘प्रश्न उद्भवत नाही’: मंत्र्यांच्या उत्तरांबद्दल वाचकांचे प्रश्न

सामाजिक न्याय, कामगार, गृह, विधी अशा खात्यांच्या मंत्र्यांना संसदेत विरोधी खासदार जे प्रश्न विचारतात, त्यांबद्दल वाचकांनी विचारलेल्या शंकांपैकी काही इथे घेतल्या आहेत. नियम लोकसभेचे धरले आहेत. राज्यसभेत वेगळं असेल तिथे तसं म्हटलं आहे.

प्रश्न: तारांकित आणि अतारांकित प्रश्नांत नेमका फरक काय? विरोधकांनी कोणता द्यावा?

तारांकित प्रश्नाला मंत्री सभागृहात तोंडी उत्तर देतात आणि त्यावर उपप्रश्न विचारता येतात. अतारांकिताचं उत्तर लेखी येतं, तिथे विषय संपतो. लोकसभेत दिवसाला 20 तारांकित आणि 230 अतारांकित प्रश्न यादीत लागतात. राज्यसभेत 15 आणि 160. क्रम सोडतीने ठरतो, त्यात सत्ताधारी-विरोधी असा भेद नसतो.

तारांकित यादीत नाव आलं म्हणजे काम झालं असं समजू नका. लोकसभेत प्रश्नोत्तराचा तास अकराला आणि राज्यसभेत बाराला सुरू होतो, आणि पहिले चार-सहा प्रश्न होईपर्यंत संपतो. उरलेल्यांची उत्तरं लेखी पटलावर ठेवली जातात, म्हणजे तुमचा तारांकित प्रश्न आपोआप अतारांकित झाला. तेव्हा राज्यनिहाय आकडे हवे असतील तर सरळ अतारांकित द्यावा. मंत्र्यांना उभं करून धोरणाची बाजू मांडायला लावायची असेल, तरच तारांकिताचा जुगार खेळावा.

नोटीस किमान 15 पूर्ण दिवस आधी लागते आणि प्रत्येक खात्याचा आठवड्यातला वार ठरलेला असतो. कालच्या घटनेवर उद्या तारांकित प्रश्न येत नाही, त्याचं कारण हेच. त्यासाठी शून्य प्रहर (तातडीचे विषय मांडण्याची वेळ) किंवा लक्षवेधी सूचना आहे.

प्रश्न: गटारात उतरून माणसं मरतात हे सगळ्यांना दिसतं. मग ‘एकही मृत्यू नाही’ असं उत्तर सरकार देऊच कसं शकतं?

देऊ शकतं, आणि दिलंही आहे. 28 जुलै 2021 रोजी राज्यसभेत विरोधी पक्षनेते मल्लिकार्जुन खरगे आणि एल. हनुमंतय्या यांच्या प्रश्नावर सामाजिक न्याय राज्यमंत्री रामदास आठवले यांचं लेखी उत्तर आलं: हाताने मैला साफ करण्यामुळे असा एकही मृत्यू नोंदलेला नाही. त्याच वर्षी फेब्रुवारीत लोकसभेत याच खात्याने गटारं आणि सेप्टिक टँक साफ करताना पाच वर्षांत 340 जण मेल्याचं सांगितलं होतं.

ही पळवाट हाताने मैला साफ करण्यावर बंदी घालणाऱ्या 2013 च्या कायद्यातच आहे. त्यात दोन वेगळ्या व्याख्या आहेत. अस्वच्छ संडास, उघडं गटार किंवा खड्ड्यातली मानवी विष्ठा हाताने उचलणारा ‘मैला सफाई कामगार’. आणि संरक्षक साधनांशिवाय गटारात किंवा टाकीत उतरवणं ही ‘धोकादायक सफाई’. प्रश्नात पहिली संज्ञा आली की खातं दुसऱ्या रकान्यातले मृत्यू मोजत नाही. नैतिकदृष्ट्या हे उत्तर लाजिरवाणं आहे, पण कागदावर पक्कं आहे.

प्रश्न असा बांधला असता तर निसटायला जागा कमी उरली असती:

(1) गेल्या पाच वर्षांत गटार व सेप्टिक टँकच्या सफाईदरम्यान किती व्यक्तींचा मृत्यू झाला, राज्यनिहाय व वर्षनिहाय;
(2) त्यांपैकी किती कुटुंबांना पूर्ण भरपाई मिळाली, किती प्रकरणं प्रलंबित आहेत व का;
(3) 2013 च्या कायद्याखाली किती गुन्हे नोंदले आणि किती खटल्यांत शिक्षा झाली.

दुसऱ्या भागात रक्कमही विचारावी. सर्वोच्च न्यायालयाने 2014 मध्ये 10 लाख रुपये ठरवलेली भरपाई ऑक्टोबर 2023 मध्ये 30 लाखांवर नेली. कोणाला कोणत्या दराने मिळाली, हे विचारल्याशिवाय कळत नाही.

आणखी एक. आपल्या विधिमंडळाच्या यादीत प्रश्न हमखास ‘हे खरे आहे काय, असल्यास...’ असा येतो. मंत्री पहिल्या भागाला ‘हे खरे नाही’ म्हणतात आणि पुढच्या सगळ्या भागांना ‘प्रश्न उद्भवत नाही’. प्रत्येक भाग स्वतंत्र उभा राहील असा लिहिला की एका नकारावर सगळी इमारत कोसळत नाही.

प्रश्न: ‘अशी माहिती ठेवली जात नाही’ असं उत्तर आलं तर?

दुसऱ्या खात्याचं दार ठोठवावं. 14 सप्टेंबर 2020 रोजी लोकसभेत कामगार मंत्रालयाने टाळेबंदीत घरी परतताना मेलेल्या स्थलांतरित मजुरांची आकडेवारी नसल्याचं सांगितलं, आणि आकडेवारी नाही म्हणून भरपाईचा प्रश्नही उद्भवत नाही. चारच दिवसांनी, 18 तारखेला, राज्यसभेत तृणमूल काँग्रेसचे खासदार डेरेक ओब्रायन यांच्या प्रश्नावर रेल्वे मंत्रालयाने श्रमिक गाड्यांत 9 सप्टेंबरपर्यंत 97 जण मेल्याचा आकडा दिला.

त्या अधिवेशनात कोविडचं कारण देऊन प्रश्नोत्तराचा तासच रद्द केला होता. उपप्रश्न असता तर ‘ही माहिती ठेवण्याची जबाबदारी कोणत्या खात्याची?’ एवढं तरी मंत्र्यांना तिथल्या तिथे सांगावं लागलं असतं. हे गोंधळात तास वाया घालवणाऱ्या विरोधकांनीही ध्यानात घ्यावं. कामकाज तहकूब झालं तरी लेखी उत्तरं पटलावर येतातच. बुडतो तो उपप्रश्न, आणि त्याची गरज सरकारला नसते.

प्रश्न: आमच्या खासदारांचा प्रश्न सचिवालयाने नाकारला. कारणं काय असतात?

नियम 41 मध्ये लांबलचक यादी आहे. नेहमी आडवी येतात ती तीन: विषय न्यायप्रविष्ट असणं, मत मागणं आणि विषय मुळात राज्यांचा असणं.

‘समान नागरी कायद्याबद्दल सरकारचं मत काय’ हा बाद होण्याजोगा प्रश्न. ‘22 व्या विधी आयोगाने 14 जून 2023 ला मागवलेल्या सूचनांपैकी किती आल्या आणि त्यांवर काय कार्यवाही झाली’ हा टिकण्याजोगा. महिला अत्याचारांवर ‘पोलीस हा राज्यांचा विषय’ हे उत्तर ठरलेलं असतं. म्हणून केंद्राचा पैसा पकडावा: निर्भया निधीतून कोणत्या राज्याला किती रक्कम दिली, किती खर्च झाली आणि किती विनियोग प्रमाणपत्रं (पैसा ठरलेल्या कामावर खर्च झाल्याचे दाखले) आली.

प्रश्न: मंत्री सभागृहात ‘तपासून बघू’ म्हणाले. पुढे काय?

तिथून ते आश्वासन ठरू शकतं. ‘माहिती गोळा केली जात आहे’, ‘विचाराधीन आहे’ अशा ठराविक वाक्यांची यादीच आहे. कामकाजाच्या वृत्तांतातून ती वेचून काढली जातात. पूर्ततेची मुदत तीन महिने. पाठपुरावा शासकीय आश्वासन समिती करते. लोकसभेत ती 1953 पासून आहे, सदस्य 15. खात्याला मुदतवाढ किंवा आश्वासन वगळून मागता येतं, आणि खाती ते सर्रास मागतात. म्हणून संबंधित खासदाराने तारीख आणि प्रश्न क्रमांक देऊन समितीला लिहीत राहावं.

प्रश्न: उत्तर सरळ चुकीचं असेल तर?

अध्यक्षांच्या निर्देश 115 खाली चूक पुराव्यासह लेखी निदर्शनास आणता येते. हक्कभंगाची सूचना बातमीत छान दिसते, पण त्यासाठी जाणूनबुजून दिशाभूल केल्याचं दाखवावं लागतं. ते फार अवघड असतं.

प्रश्न: आमच्या संस्थेला खासदारांमार्फत प्रश्न विचारायचा आहे. काय तयारी करावी?

पानभराचा मजकूर पुरे. प्रश्न 150 शब्दांच्या आत, तीन-चार भागांत. सोबत त्याच विषयावरचं जुनं उत्तर जोडा. ते संसदेच्या संकेतस्थळावर मंत्रालय आणि शब्द टाकून सापडतं; जे आधीच सांगितलंय ते पुन्हा विचारलं तर प्रश्न नामंजूर होतो. खात्याचा वार बघून नोटिशीच्या मुदतीआधी आठवडाभर मजकूर द्या. एकाच विषयावर दोन-तीन खासदारांना वेगवेगळे भाग दिले तर सोडतीत संधी वाढते. आणि त्याबदल्यात पैसा किंवा भेटवस्तू अजिबात नको: 2005 च्या डिसेंबरात याच कारणाने 11 खासदारांचं सदस्यत्व गेलं, दहा लोकसभेतले आणि एक राज्यसभेतला.