घरचेच वेडा म्हणतात तेव्हा

येशूवरच्या विश्वासापायी घरचे तुला वेडा म्हणाले म्हणून इतका खचू नकोस. बायबलमधलं मार्क 3:21 काढून वाच: येशूचे आप्तही त्याला वेड लागलंय म्हणत धरून न्यायला निघाले होते. योहान 7:5 प्रमाणे त्याच्या भावांचाही विश्वास नव्हता. पुढे प्रेषितांची कृत्ये 1:14 मध्ये तेच भाऊ आईसोबत प्रार्थनेत दिसतात. त्यांच्यातला याकोब तर यरुशलेमच्या मंडळीचा, म्हणजे तिथल्या ख्रिस्ती विश्वासणाऱ्यांचा, खांब झाला, आणि तो काही वादात हरून बदलला नव्हता.

तू आईवर बायबलची वचनं फेकत भांडतोस ना, ते आधी थांबव. (मीही केलंय, वर्षभराचा अबोला पदरात पडला.) तिची भीती ऐकून घे, बहुतेकदा ती तुझ्या पोटापाण्याचीच असते. घरची कामं टाळू नकोस, प्रार्थनेची वेळही सोडू नकोस. चर्चच्या पाळकांशी मोकळेपणी बोल. कधीकधी घरच्यांचा एखादा मुद्दा खराही निघतो.