दिवसभर हेडफोन: कान का ठणकतात?

प्रश्न: माझं काम फोनवर आणि ऑनलाइन बैठकांत चालतं, रोज सात-आठ तास हेडफोन घालावा लागतो. दोन तासांत कानाच्या कडा आणि माथा दुखू लागतो. मला चष्मा आहे. मुद्दाम हलका हेडफोन घेतला, तरी फरक नाही. नवा घेताना काय पाहावं?

उत्तर: तो हलका होता म्हणजे बहुधा लहानही होता, आणि दुखणं तिथूनच सुरू झालं असावं. लहान हेडफोनची गादी कानाभोवती न बसता थेट कानावर बसते. कानाची कड कूर्चेची असते. ती एका बाजूने गादीत आणि दुसऱ्या बाजूने कवटीत चेपली गेली, की गादी कितीही मऊ असो, तासा-दोन तासांत ठणका लागतो. त्यात चष्म्याची काडी मध्ये आली की सगळा दाब त्या एका रेषेवर येतो.

तेव्हा कान पूर्ण आत मावेल असाच हेडफोन घ्या. आधी घरी पट्टीने कानाची उंची मोजा. मोठ्या माणसाची ती साधारण ६ ते ७ सें.मी. भरते. गादीच्या आतली मोकळी जागा त्याहून निदान अर्धा सें.मी. जास्त हवी. खोलीकडे मात्र सहसा कुणी बघत नाही. कान डोक्यापासून २ सें.मी.च्या आसपास बाहेर आलेला असतो. कपाची खोली त्याहून कमी असेल तर कानाचं टोक आतल्या जाळीला घासतं. नव्या, फुगीर गादीत हे जाणवत नाही, गादी बसल्यावर जाणवतं. खोक्यावर हे माप छापलेलं क्वचितच असतं. गादी अंगठ्याने दाबून, आत बोट घालून अंदाज घ्यावा.

माथ्याचं दुखणं वेगळं. तिथे वजन खरोखर मोजावं लागतं: २५० ग्रॅमच्या आसपासचा हेडफोन बहुतेकांना दिवसभर पेलतो, ३५०च्या पुढे मान कुरकुरू लागते. पण अरुंद, कडक पट्टी असेल तर हलका हेडफोनही माथ्याच्या एकाच बिंदूवर रुततो. कमानीखाली वेगळा लवचीक पट्टा ताणलेला असेल तर भार पसरतो. खर्च करण्याआधी एक करून पाहा: दोन्ही बाजूंचे कप एकेक खाच खाली ओढा. कप वर राहिले की सगळा भार माथ्यावरच लटकतो.

नवा हेडफोन कानशिलाला घट्ट वाटला तर रात्रभर पुस्तकांच्या गठ्ठ्यावर चढवून ठेवा. गठ्ठा तुमच्या डोक्याहून दोनेक सें.मी. रुंद असावा, आणि सकाळी घालून बघावा. कमानीत पोलादी पट्टी असेल तरच हा उपाय करा. निव्वळ प्लास्टिकची कमान तडकते. फार सैलही करू नका, गादी नीट टेकली नाही की खर्जाचे स्वर पातळ होतात आणि बाहेरचा आवाज आत येतो.

गादीचं आवरण रेक्झिनचं असेल तर घाम येतो, आणि घाम-उष्णतेने काही काळात त्याचे पापुद्रे सुटतात. कापडी किंवा मखमली गादी थंड राहते, पण गोंगाट तितकासा अडवत नाही. चष्मेवाल्यांनी आत मेमरी फोम (दाबाप्रमाणे आकार घेणारा मऊ फोम) असलेली गादी आणि पातळ काडीची फ्रेम ही जोडी जमवावी. गादी वेगळी मिळते आणि बदलता येते ना, हे विचारल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

दुकानात चष्मा घालूनच, निदान २० मिनिटं हेडफोन डोक्यावर ठेवा. पाच मिनिटांत सगळेच आरामशीर वाटतात. काढल्यावर आरशात बघा. कानामागे लाल वळ दिसला तर तो नको.

प्रश्न: त्यापेक्षा इअरबड बरे नाहीत का?

उत्तर: माथा आणि चष्मा सुटतो, पण दाब कानाच्या नळीत जातो. नळी घट्ट बंद झाली की स्वतःचाच आवाज डोक्यात घुमतो, बैठकांत हे फार त्रास देतं. रबरी टोप्यांचे सगळे आकार लावून पाहा. उजव्या-डाव्या कानाला वेगळा आकार लागू शकतो. दिवसभर तेच घालण्यापेक्षा हेडफोनशी आलटूनपालटून वापरा.

प्रश्न: नॉइज कॅन्सलिंग (बाहेरचा गोंगाट दाबणारी हेडफोनमधली सोय) चालू केलं की कान दाटतात. बंद ठेवू का?

उत्तर: हवेचा दाब वाढलेला नसतो. घरघर, गुणगुण असे खालच्या पट्टीतले आवाज एकदम गायब झाले की काहींना तसं वाटतं. पातळी कमी करता येत असेल तर मधली ठेवा, पण सुसह्य असेल तर बंद करू नका. गोंगाट कमी झाला की आवाज वाढवावा लागत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तास चालतो. दर ३ डेसिबल वाढीला ही वेळ निम्मी होते, म्हणजे ८३ला २० तासच. तुमचा कामाचा आठवडा त्याहून मोठा असेल, तर आवाजाची कमाल मर्यादा फोनच्या सेटिंगमध्येच बांधून टाका.