डोळा लाल झाला म्हणून व्यायाम बंद?

पार्क मैदानावर पहाटे पळणाऱ्यांत पोलीस भरतीची पोरं बरीच असतात. त्यांतलाच एक, वय 21, आईला घेऊन माझ्याकडे आला (ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदललेत). उजव्या डोळ्याच्या पांढऱ्या भागात नखाएवढा लालभडक डाग. आदल्या दिवशी डेडलिफ्ट (जमिनीवरचं जड वजन उचलणं) मारताना उमटलेला. डोळ्यांच्या डॉक्टरांनी तपासून ‘आपोआप जाईल’ सांगितलं होतं, तरी घरात भांडण पेटलेलं. आई म्हणे जिम बंद, पळणंही बंद. पोरगं म्हणे, ‘‘1600 मीटर घरात बसून मारू काय ओ सर?’’

श्वास कोंडून जोर लावला की छातीतला दाब वाढतो, डोक्याकडून परतणारं रक्त तुंबतं आणि डोळ्यावरची एखादी बारीक रक्तवाहिनी फुटते. दुखत नाही, नजर बिघडत नाही, आठ-पंधरा दिवसांत डाग जिरतो. त्या क्षणी डोळ्याच्या आतला दाबही चढतो. एरवी तो साधारण 10 ते 21 मिलिमीटर पारा असतो. निरोगी तरुणात वजन खाली ठेवलं की तो झटकन उतरतो. पळण्याचं मात्र उलट आहे. पळून किंवा सायकल मारून आल्यावर हा दाब काही वेळ नेहमीपेक्षा कमीच राहतो. म्हणजे आईनं पळणं उगाचच बंद केलं होतं.

पोराला म्हटलं, वजन उचलताना श्वास सोडत जा. डोळ्यापुढे अचानक काळा ठिपका, चमका किंवा पडदा आला तर मात्र त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा.

पोरगं खूश. आई गप्पच. एवढं समजावूनही माणूस मोकळं होत नसेल तर भीती दुसरीकडेच असते. हळूहळू विचारल्यावर कळलं, आईच्या वडिलांची नजर काचबिंदूनं गेली होती, म्हणजे बहुतेक वेळा डोळ्यातला दाब वाढून नजरेची नस हळूहळू खराब करणाऱ्या आजारानं.

‘‘ताई, मग आधी तुमची तपासणी हवी,’’ मी म्हटलं. ‘‘आई-वडिलांना काचबिंदू असला की मुलांना धोका जास्त. त्यात तुमची चाळिशी उलटलीय.’’

‘‘मी कुठं वजनं उचलते?’’

‘‘न उचलताही होतो. सुरुवातीला कळतही नाही.’’

पोरगं शीर्षासनही करायचं. त्यात डोळ्यातला दाब दुपटीच्या आसपास जातो. आजोबांचा आजार डॉक्टरांच्या कानावर घालून विचारेपर्यंत ते थांबव, असं सांगितलं. बाईंचा प्रश्न वेगळाच होता, ‘‘थेंब घातल्यावर त्या दिवशी विड्या वळता येतील का?’’ बाहुली मोठी करणाऱ्या थेंबांनी काही तास जवळचं धूसर दिसतं. कारखान्याला सुट्टी असेल त्या दिवशी जा म्हटलं, आणि जाताना पोराला सोबत न्या.