नेदरलँड्समध्ये सुईणीच्या हातचे बाळंतपण: निघण्यापूर्वी काय माहीत असावे

नमस्कार,

तुमच्या यजमानांना आइंडहोव्हनला नोकरी मिळाली आहे, तुम्हाला सध्या सोळावा आठवडा सुरू आहे, आणखी दोन महिन्यांनी तुम्ही इकडे याल आणि पहिले बाळंतपण शक्यतो सिझर टाळून, सुईणीच्या देखरेखीखाली, बर्थ सेंटरमध्ये म्हणजे सुईणीच्या हातच्या बाळंतपणासाठीच्या केंद्रात व्हावे असे तुमच्या मनात आहे. हे शक्य आहे का, डॉक्टर खोलीत नसताना ते सुरक्षित कसे आणि ऐन वेळी काही बिघडले तर काय, हे तुमचे प्रश्न आहेत. मी नाशिकहून उत्रेख्तला येऊन नऊ वर्षे झाली. थोरल्याच्या वेळी मला कळा चालू असताना बर्थ सेंटर सोडून हॉस्पिटलमध्ये जावे लागले आणि धाकटी बर्थ सेंटरमध्येच जन्मली, त्यामुळे दोन्ही अनुभव गाठीशी आहेत.

पहिल्यांदा एक समजूत दुरुस्त करते. आपल्याकडे सुईणीकडे जाणे हा मुद्दाम, थोडा प्रवाहाविरुद्ध घेतलेला निर्णय ठरतो. येथे तोच राजमार्ग आहे. गरोदर स्त्रीची प्रकृती चांगली असेल तर ती स्त्रीरोगतज्ज्ञाकडे जातच नाही, ती थेट ‘फर्लोस्कुंदिखे’कडे म्हणजे मिडवाइफकडे नाव नोंदवते. डॉक्टरांकडे पाठवायचे तर त्याला वैद्यकीय कारण लागते. सुईण म्हटल्यावर आपल्या डोळ्यांपुढे गावातली अनुभवी आजी येते, परंतु येथील मिडवाइफने चार वर्षांचे पदवी शिक्षण घेतलेले असते आणि सर्वसाधारण बाळंतपण स्वतंत्रपणे करण्याचा अधिकार तिला १८६५ सालच्या कायद्यापासून आहे. सिझरची तुमची धास्ती मला समजते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) भारतातील खासगी रुग्णालयांमधील ४७ टक्क्यांहून अधिक बाळंतपणे सिझरने झालेली दिसतात. मात्र ‘सिझर टाळायचे म्हणून सुईण’ असा हिशेब येथे कोणी मांडत नाही. सुईण असते, कारण बहुतेक बायकांना डॉक्टरांची गरज नसते, इतके ते साधे आहे.

बर्थ सेंटर बहुतेक वेळा हॉस्पिटलच्या इमारतीत किंवा तिला लागून असते, काही ठिकाणी ते स्वतंत्रही असते. आमच्या खोलीत मोठा पलंग, पाण्याचा टब, बाळंतपणासाठीचे बुटके स्टूल आणि एक साधे कपाट होते. पट्टा बांधून सतत बाळाचे ठोके टिपणारे यंत्र तेथे नसते. मिडवाइफ ठराविक वेळाने हातातल्या डॉप्लरने ठोके ऐकते आणि मधल्या वेळात तुम्ही चालू शकता, पाण्यात बसू शकता, खाऊ-पिऊ शकता. एपिड्युरल (वेदना थांबवण्यासाठी पाठीत देतात ते इंजेक्शन), कळा वाढवण्याचे सलाइन, बाळ ओढून काढण्याचा चिमटा किंवा व्हॅक्यूम यांपैकी काहीही तेथे मिळत नाही. काही केंद्रांत वेदना कमी करायला लाफिंग गॅसची सोय असते, तेवढीच. सगळे सुरळीत झाले तर तीन-चार तासांत तुम्हाला बाळासह घरी पाठवतात. हे ऐकून माझ्या आईने फोनवर, “हाकलून देतात की काय?” असे विचारले होते. हाकलत नाहीत, पुढची सेवा तुमच्या घरी येणार असते, त्याबद्दल खाली लिहिते.

आता सुरक्षिततेचा प्रश्न. इंग्लंडमध्ये कमी जोखमीच्या ६४,००० हून अधिक बाळंतपणांचा मोठा अभ्यास झाला आणि त्याचे निष्कर्ष २०११ साली प्रसिद्ध झाले. मिडवाइफ चालवतात अशा केंद्रांत बाळांच्या बाबतीतील गंभीर घटना डॉक्टरांच्या विभागापेक्षा जास्त आढळल्या नाहीत आणि आईवरील हस्तक्षेप मात्र बरेच कमी होते. पहिलटकरणीने घरीच बाळंत व्हायचे ठरवल्यास बाळाची जोखीम काहीशी वाढते, हेही त्याच अभ्यासात दिसले, आणि म्हणूनच पहिल्या खेपेला घरापेक्षा बर्थ सेंटर बरे असे माझे मत आहे. याच अभ्यासातला दुसरा आकडा तुम्ही पक्का लक्षात ठेवावा असे मला वाटते: अशा केंद्रांत दाखल झालेल्या पहिलटकरणींपैकी ३६ ते ४० टक्के बायकांना कळा सुरू असताना किंवा बाळंतपणानंतर लगेच डॉक्टरांकडे हलवावे लागले. ज्यांचे आधी एक बाळंतपण झाले आहे, त्यांच्यात हे प्रमाण दहाच्या आसपास होते. नेदरलँड्समधले चित्र पहिलटकरणींसाठी याहून सौम्य नाही. म्हणजे बर्थ सेंटरची निवड करताना तुम्ही प्रत्यक्षात ‘सुरुवात येथे, शेवट कदाचित तेथे’ या गोष्टीला होकार देत असता.

हलवण्याची कारणे बहुतेक वेळा नाट्यमय नसतात. पिशवीचे तोंड पुढे उघडत नाही, आई थकते, एपिड्युरल हवे असते, पाणी जाऊन चोवीस तास उलटले तरी कळा येत नाहीत, किंवा बाळाने पोटातच शी केल्यामुळे पाणी हिरवट येते. माझ्या थोरल्याच्या वेळी नेमके हेच झाले. मी पाच सेंटिमीटरपर्यंत पोहोचले होते, मिडवाइफने कापडावरचा रंग पाहिला, शांतपणे “आता आपण पलीकडे जायचे” म्हणाली आणि मला चाकांच्या खुर्चीतून त्याच इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर नेले. तेथे एपिड्युरल मिळाले, सलाइनने कळा वाढवल्या आणि अकरा तासांनी बाळ खालूनच जन्मले. गोष्ट एवढीच आहे. पण त्या वेळी मी लिफ्टमध्ये रडले, कारण महिनोन्महिने मी टबाची, मंद दिव्यांची आणि ‘नैसर्गिक’ या शब्दाची स्वप्ने रंगवली होती आणि आपण कशात तरी नापास झालो असे मला वाटत होते. मिडवाइफचे अर्धे कौशल्य बाळ बाहेर काढण्यात आणि अर्धे आपले काम कोठे संपते हे वेळेवर ओळखण्यात असते, हे मला दुसऱ्या खेपेला उमगले. पहिल्या भेटीतच तिला विचारा, की सेंटरपासून डॉक्टरांचा विभाग किती मिनिटांवर आहे आणि हलवावे लागले तर ती तुमच्याबरोबर येते का. सेंटर स्वतंत्र असेल तर मधला प्रवास रुग्णवाहिकेने करावा लागतो. पहिल्या वेळी हॉस्पिटलला लागून असलेले सेंटर निवडावे, असे मी आग्रहाने सांगेन.

बाळ जन्मल्यानंतरचेही नियम ठरलेले असतात. गर्भाशय आवळावे म्हणून मांडीत ऑक्सिटोसिनचे इंजेक्शन देतात; वार तासाभरात पडली नाही किंवा रक्तस्राव एक लिटरवर गेला तर हॉस्पिटल गाठावेच लागते.

मुळात सुईणीकडे राहता येईल का, हे प्रकृतीवर ठरते. एकच बाळ, डोके खाली, ३७ ते ४२ आठवड्यांच्या दरम्यान आपोआप सुरू झालेल्या कळा आणि आधी सिझर झालेले नसणे या मूळ अटी आहेत. आपल्या बायकांच्या बाबतीत खरी मेख गरोदरपणातल्या मधुमेहाची असते. दक्षिण आशियाई वंशाच्या स्त्रियांमध्ये तो अधिक आढळतो, म्हणून २४ ते २८ आठवड्यांच्या दरम्यान ग्लुकोजचे पाणी पाजून साखर तपासण्याचा सल्ला आपल्याला येथे दिला जातो. तुम्ही पोहोचाल तेव्हा नेमका तोच काळ असेल. केवळ आहाराने साखर आटोक्यात राहिली तर बऱ्याच ठिकाणी सुईणीकडेच राहता येते. इन्सुलिन सुरू झाले की बाळंतपण डॉक्टरांकडे जाते. डोहाळजेवणाच्या पंगती उरकूनच या, पण मोदकांवर हात जरा आवरता घ्या. लोहाच्या गोळ्याही चुकवू नका, कारण हिमोग्लोबिन फार खाली असेल तर रक्तस्रावाच्या भीतीने बर्थ सेंटर नाकारले जाऊ शकते.

वेदनांबाबत यजमानांशी आताच बोलून ठेवा. एपिड्युरल म्हणजे हॉस्पिटल, हे समीकरण पक्के आहे आणि रात्री तीन वाजता निर्णय बदलायचा पूर्ण हक्क तुम्हाला आहे. येथील बायका वेदनेबद्दल फार मोकळेपणाने आणि काहीशा कोरडेपणाने बोलतात. गरोदरपणात कंबरदुखीची तक्रार केली तर पॅरासिटामॉल आणि चालणे यापलीकडे फारसे काही हाती लागत नाही. पहिल्या खेपेच्या माझ्या मिडवाइफला मी तीन वेळा सांगितल्यावर तिने फिजिओथेरपिस्टचे नाव दिले. येथे गप्प राहणाऱ्याचे सगळे ठीक चालले आहे असे गृहीत धरतात, म्हणून स्पष्ट बोलायची सवय लावून घ्या.

या देशाची खरी श्रीमंती बाळंतपणानंतर कळते. तिला ‘क्रामझोर्ख’ म्हणतात. प्रशिक्षित परिचारिका आठ ते दहा दिवस रोज घरी येते. गरजेनुसार एकूण २४ ते ८० तास मिळतात आणि सर्वसाधारण बाळंतपणाला ४९ तास ठरलेले असतात. ती टाके पाहते, गर्भाशय किती उतरले ते पोटावरून तपासते, बाळाचे वजन आणि ताप वहीत लिहिते, बाळाला अंगावर कसे घ्यायचे ते शिकवते, न्हाणीघर धुते आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांना वेळेवर उठवूनही लावते. तासाला पाच युरोंहून थोडी अधिक रक्कम आपल्याला भरावी लागते, बाकीचा खर्च विमा उचलतो. मनुष्यबळाची टंचाई असल्यामुळे नोंदणी गरोदरपणाच्या सुरुवातीलाच करतात; तुम्हाला उशीर झालेलाच आहे, तेव्हा भारतातूनच ई-मेल करा. तिला वाकून पाठ मोडून घ्यावी लागू नये म्हणून तुमचा पलंग ७० ते ८० सेंटिमीटर उंच असावा लागतो. त्यासाठी पायांखाली ठेवायचे ठोकळे भाड्याने मिळतात.

या परिचारिकेशी आपल्या घरातल्या रीतींचे खटके उडतात, हेही सांगून ठेवते. बाळाच्या जिभेला मध चाटवू देत नाही, आणि तिचे बरोबर आहे, कारण एक वर्षापर्यंत मधातून बोट्युलिझमचा म्हणजे जिवाणूंमुळे होणाऱ्या गंभीर विषबाधेचा धोका असतो. पाळण्यात उशी, गोधडी आणि घरात टोपरे चालत नाही. माझ्या आईने ओव्या-शेपांच्या धुरीची तयारी केली, तेव्हा प्रत्येक मजल्यावर सक्तीचा असलेला धूरसूचक आधी बोंबलला आणि मग नर्स. पण डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, तेल लावून अंघोळ यांना तिची काहीच हरकत नव्हती. येथे बाळाच्या जन्मानंतर पाहुण्यांना लोणी लावलेल्या गोल टोस्टवर साखरेत घोळलेल्या बडीशेपेसारख्या दाण्यांचे ‘माउशेस’ पसरून देतात, मुलगी असेल तर गुलाबी-पांढरे आणि मुलगा असेल तर निळे-पांढरे. त्या दाण्यांनी दूध वाढते अशी जुनी समजूत आहे. जेवणानंतर बाळंतशेपा चावत बसलेल्या आईला हे सांगितले, तेव्हा तिचा इकडच्या लोकांवरचा राग बराच निवळला.

कागदपत्रांचे थोडक्यात सांगते. नगरपालिकेत नोंद झाल्यापासून चार महिन्यांच्या आत मूळ आरोग्य विमा घ्यावाच लागतो आणि गरोदर आहात म्हणून कोणतीही कंपनी तो नाकारू शकत नाही. वर्षाला ३८५ युरोंपर्यंतचा वैद्यकीय खर्च स्वतः सोसावा लागतो, पण सुईणीची सेवा त्यातून वगळलेली आहे. रक्ततपासण्या, औषधे आणि रुग्णवाहिका मात्र त्यात धरतात. वैद्यकीय कारण नसताना बर्थ सेंटर वापरले तर खोलीपोटी काहीशे युरो स्वतः भरावे लागतात. पूरक विमा त्यातले किती देतो आणि त्याला प्रतीक्षाकाळ आहे का, ते घेण्यापूर्वी विचारा. विसाव्या आठवड्याच्या सोनोग्राफीचा अहवाल, रक्तगट आणि सगळ्या तपासण्या इंग्रजीत बरोबर आणा. विवाहाचा आणि दोघांच्या जन्माचा दाखला अपॉस्टिल करून (परदेशात चालावा म्हणून सरकारी शिक्का मारून) आणा, नाही तर बाळाच्या नोंदणीत वडिलांचे नाव लागताना अडचण येते. यजमानांना नोकरीमुळे एक आठवडा पूर्ण पगारी रजा आणि त्याव्यतिरिक्त पाच आठवडे ७० टक्के मोबदल्याची रजा मिळते. ती त्यांनी संकोच न करता घ्यावी, मालक त्याला गृहीतच धरून असतात.

जन्माची नोंद तीन दिवसांत करावी लागते आणि तेव्हाच नाव सांगावे लागते. म्हणजे बाराव्या दिवशी बारसे आणि तिसऱ्या दिवशी नाव, असा उलटा क्रम होतो. आम्ही पत्रिकेतले अक्षर कळायची वाट पाहत बसलो आणि शेवटी ह्यांनी नगरपालिकेच्या खिडकीशी उभे राहून आईला फोन लावला. मुलाच्या नावापुढे वडिलांचे नाव घालायचे की नाही, तेही आधीच ठरवा, कारण जन्मदाखल्यावर जे लिहिले जाईल तेच पुढे भारतीय पासपोर्टवर येईल. बाळाला येथे जन्मल्यामुळे डच नागरिकत्व मिळत नाही. दूतावासात जन्मनोंद, पासपोर्ट आणि नंतर निवास परवाना अशा पायऱ्या चढाव्या लागतात.

तुमच्या आईंचे तिकीट काढताना एवढे पाहा: शेंगेन व्हिसावर (युरोपातील बऱ्याच देशांसाठी मिळून असलेल्या अल्पकाळाच्या व्हिसावर) १८० दिवसांत ९० दिवसच राहता येते. आमच्याकडे आई दिवस भरण्याच्या सहा आठवडे आधी आली आणि बाळ जेमतेम दीड महिन्याचे असताना तिला परतावे लागले. क्रामझोर्खचे आठ-दहा दिवस संपतात तेव्हाच मदतीची खरी निकड भासते, म्हणून त्यांना दिलेल्या तारखेच्या फार तर आठवडाभर आधी बोलवा.