चीनने नागरी हक्कांचा करार मंजूर केलेला नाही, मग संयुक्त राष्ट्रं हाँगकाँगला जाब कसा विचारतात?

कारण तो करार हाँगकाँगला चीनमुळे नव्हे, ब्रिटनमुळे लागू झाला. ब्रिटनने १९७६ मध्ये नागरी व राजकीय हक्कांचा आंतरराष्ट्रीय करार मंजूर केला, तेव्हा हाँगकाँग त्यांची वसाहत होती. १९८४ च्या चीन-ब्रिटन जाहीरनाम्यात तो १९९७ नंतरही, म्हणजे हाँगकाँग चीनकडे गेल्यावरही, चालू राहील असं ठरलं. हाँगकाँगच्या मूलभूत कायद्याचं (तिथल्या छोट्या राज्यघटनेचं) ३९ वं कलम उघडून बघा, तिथे कराराचं नावच आहे. स्वतः चीनने १९९८ मध्ये सही केली, मंजुरी मात्र अजून नाही. म्हणजे एकाच देशाचा एक तुकडा तपासणीखाली, बाकीचा मोकळा! (मकावचंही तसंच, फक्त तिथे पोर्तुगालमुळे.)

तपासणी करते ती संयुक्त राष्ट्रांची १८ तज्ज्ञांची मानवाधिकार समिती. हाँगकाँग सरकार अहवाल देतं, स्वयंसेवी संस्था आपली बाजू वेगळी पाठवतात, मग प्रश्नोत्तरं. जुलै २०२२ मध्ये समितीने, चीनने २०२० मध्ये हाँगकाँगवर लादलेला राष्ट्रीय सुरक्षा कायदा रद्द करा असं स्पष्ट सांगितलं. सरकारने ते मानलं नाही.

एक लक्षात घ्या: वैयक्तिक तक्रारीचा पूरक करार ब्रिटनने कधी स्वीकारलाच नव्हता, त्यामुळे हाँगकाँगचा रहिवासी स्वतःची तक्रार घेऊन या समितीकडे जाऊ शकत नाही.